मोठी गोळी, मानेवरचा नेम आणि टेक्ससचं चितळ

ग्वाल्हेरात, आमच्या लश्कर भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक निरोप जोरात फिरतोय. टेक्ससमधल्या कुणाच्या तरी भाच्याने मारलेल्या चितळाचा फोटो, आणि खाली ‘जुन्या शिकाऱ्यांचे नियम’. गोळी जेवढी मोठी, तेवढं जनावर जागीच आडवं. लष्करी गोळी सगळ्यांत जबर. नेम मानेवरच धरावा. पडलं ते मेलं, आणि रक्त दिसलं नाही तर बार फुकट. पुरावा कसला, तर शिवपुरीच्या रानात म्हणे असंच चालायचं.

शिवपुरीचं आधी उरकतो. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या शिकारीची ती रानं आज माधव व्याघ्र प्रकल्पात आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे चितळाची शिकार हा गुन्हा आहे. घरातली .३१५ रायफल काढून कुणी हे नियम करून बघायला जाऊ नये. (आमच्या भागात बंदूक खांद्यावर मिरवणारे पुष्कळ, कागदावर नेम तपासणारे थोडे.) टेक्ससमध्ये चितळ १९३२ च्या सुमारास बाहेरून आणून सोडलेलं आहे. परवाना आणि जमीनमालकाची संमती असेल तर ते तिथे वर्षभर मारता येतं. पुढचं सगळं तिथल्यासाठीच.

आता मोठ्या गोळीचं. .३०८ ची (रायफलीचा हा आकडा म्हणजे साधारण गोळीची जाडी, इंचात) नेहमीची १५० ग्रेनची गोळी घ्या; ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. वजन पावणेदहा ग्रॅमच्या आसपास, नळीतून सुटताना वेग सेकंदाला साधारण ८६० मीटर. ७० किलोच्या चितळात ती पूर्ण रुतून बसली असं धरलं, तरी त्या धक्क्याने जनावराला मिळणारा वेग सेकंदाला १२ सेंटिमीटर. धक्का दोन्हीकडे सारखाच असतो. जनावर खरंच उडून पडत असतं, तर दस्ता खांद्याला लावणाराही मागे उडाला असता. जनावर पडतं ते फुप्फुसं, हृदय किंवा मोठ्या रक्तवाहिन्या फाटून मेंदूचा रक्तपुरवठा तुटला म्हणून, नाहीतर मज्जारज्जू तुटला म्हणून. जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये बक्षीस मिळालेली रिग्बी रायफल .२७५ ची होती, म्हणजे जेमतेम ७ मिलिमीटर. उलट, जबर धक्क्याची रायफल हाती दिली की नवखा माणूस चाप दाबण्याआधीच खांदा आखडतो आणि गोळी फऱ्याऐवजी (म्हणजे जनावराच्या पुढच्या खांद्याऐवजी) पोटात जाते. भाच्याला .२४३ किंवा .३०८ पुरे.

लष्करी गोळीची गोष्ट तर उफराटीच आहे. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात मऊ टोकाची, अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी बनली. तिच्या जखमा इतक्या भयंकर ठरल्या की १८९९ मध्ये हेगच्या जाहीरनाम्याने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. म्हणून सैनिकाच्या गोळीला टोकापासून कवच असतं. हरणाच्या अंगात ती बहुधा अरुंद भोक पाडून आरपार जाते आणि जनावर मैलभर लांब कुठेतरी तासांनी मरतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणासाठी ती वापरायला म्हणूनच बंदी आहे. शिकारीला फुलणारीच गोळी हवी, पण इतकी ठिसूळ नको की फऱ्याच्या हाडावरच तिचा भुगा होईल. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात, ते क्ष-किरणात दिसतात. घरात मुलं ते मांस खाणार असतील तर निखळ तांब्याची गोळी घ्यावी. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद केलं, तेही मुख्यतः शिसं खाऊन मरणाऱ्या काँडोर गिधाडांसाठी. तांबं हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. आपल्या नळीतून ती नीट जाते की नाही, हे आधी कागदावर बघावं.

मानेबद्दल मात्र मला रागच येतो. मान जाड दिसते, पण तिच्यातला मणका बारीक आणि सतत हलणारा. चार बोटं चुकली की श्वासनलिका किंवा अन्ननलिका फाटते, आणि जनावर पळून जाऊन दिवसेंदिवस तडफडतं. डोक्याचंही तेच, तिथे चुकलेली गोळी जबडा उडवते. आडव्या उभ्या जनावराच्या पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर जा, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. तिथे हृदय आणि फुप्फुसं मिळून वीसेक सेंटिमीटरची जागा असते, थोडं चुकलं तरी सांभाळून घेणारी. जनावर तिरकं, पाठ वळवून उभं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे गोळी जाईल असा नेम. तोंड आपल्याकडे करून तिरकं उभं असेल तर बार काढूच नये.

हृदयात गोळी बसलेलं हरीणही पन्नास-शंभर मीटर धावतं, त्यामुळे जागीच न पडणं म्हणजे चुकणं नव्हे. उलटही घडतं. पाठीच्या कण्याच्या वरच्या कडेला गोळी नुसती चाटून गेली तर जनावर धाडकन पडतं आणि शिकारी फोटोची तयारी करत असताना उठून पसार होतं. रक्त न दिसण्याचंही तसंच: गोळी वरच्या अंगाला शिरली आणि बाहेर पडली नाही, तर रक्त आत साठतं. माग गोळी लागल्या जागेपासूनच शोधावा, तिथे पडलेल्या केसांसकट. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचं, गडद लाल यकृताचं. हिरवट, घाण वासाचं असेल तर गोळी पोटात लागलीय. चांगला बार वाटला तरी अर्धा तास थांबावं. पोटात लागलं असेल तर कित्येक तास, कारण लगेच मागे लागलात तर ते उठून कोसभर पळेल.

आणि सापडल्यावर पाठीकडून जवळ जावं. डोळे मिटलेले असतील तर ते जिवंत आहे असंच धरावं, मेलेल्याचे उघडे राहतात. लांब काडीने बुबुळाला स्पर्श करावा. पापणी हलली, तर लगेच दुसरा बार.