पाटीवरचं चित्र नक्की कुणाला कळतं?

पुणेरी पाटी कितीही खमंग असली, तरी ती फक्त मराठी वाचणाऱ्याचाच अपमान करू शकते! म्हणून मग सोसायट्या, दवाखाने, मंगल कार्यालयं चित्रांकडे वळतात. चित्राला भाषा लागत नाही म्हणे. लागते की. चित्रही आधी शिकावंच लागतं.

किरणोत्सर्गाचं तीन पात्यांचं चिन्ह माहीत नसलेल्याला पंख्यासारखं दिसतं. म्हणून 2007 साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जास्त धोक्याच्या उपकरणांसाठी नवं चिन्ह आणलं: लाल त्रिकोणात कवटी आणि पळणारा माणूस. तेही भारतासह 11 देशांतल्या 1,650 लोकांना दाखवून. आपण गुगलवरून चित्र उचलतो आणि थेट फ्लेक्सवाल्याकडे पाठवतो.

स्वच्छतागृहावरची फ्रॉकवाली बाई आपल्याला सवयीने कळते. पालखीबरोबर आलेल्या नऊवारीतल्या आजींनी त्या त्रिकोणात स्वतःला का ओळखावं? टिकली-मिशीचा आपला तोडगा इथे चालतो, पण परदेशी विद्यार्थ्याला तो नुसता ठिपका. चित्राखाली मराठी-इंग्रजी शब्द हवेतच.

तपासायचं कसं? शब्द झाका, एकेकाला वेगळं गाठा आणि विचारा: हे काय आहे, आणि हे पाहून तुम्ही काय कराल? पर्याय देऊ नका, लोकांची उत्तरं अंदाजानेही बरोबर येतात. अमेरिकेच्या सुरक्षा-चिन्हांच्या मानकात 85 टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात आणि धोकादायक किंवा उलटा अर्थ लावणारे 5 टक्क्यांवर चालत नाहीत. मला हा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. ज्याला कळलं नाही तो निदान वॉचमनला विचारतो.

आकार ठरवताना, पाटी जितक्या लांबून दिसायला हवी त्या अंतराला 100 ने भागा. 30 मीटर लांबीच्या हॉलमध्ये 'बाहेर'ची पाटी 30 सेंटीमीटर उंच हवी. आतून दिवा असेल तर निम्मी पुरते. नुसत्या रंगावर भिस्त नको. पाकिटांवरचा मांसाहाराचा तपकिरी ठिपका बदलून त्रिकोण केला, तो रंगांधळ्यांसाठीच.

आणि उन्हातला फ्लेक्स बघत चला. त्यावरचा लाल रंग काळ्याच्या आधी उडतो. 'हे पाणी पिऊ नका' म्हणणारी लाल तिरकी पट्टी दोन उन्हाळ्यांत फिकी पडते, काळा नळ मात्र ठळक राहतो, आणि तहानलेला माणूस तिथेच बाटली भरतो.