बगदाद शिकून आपली मुलं परकी होत नाहीत

सकाळी पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. "पाचवीला इस्लामी संस्कृती शिकवतायत. आपल्या मुलांना त्या तासाला बसवू नका." त्यावर धडाधड अंगठे. डोकंच सटकलं माझं.

अहो, हा इतिहासाचा तास आहे! इंग्लंडच्या अभ्यासक्रमात युरोपबाहेरची एक संस्कृती शिकायची असते. इ.स. ९०० च्या सुमाराचं बगदाद, मध्य अमेरिकेतली माया संस्कृती किंवा पश्चिम आफ्रिकेतलं बेनिन, यांतलं एक. आमच्या शाळेने बगदाद घेतलं. धर्मशिक्षणाच्या तासातून मूल काढून घेता येतं, इतिहासाच्या नाही. मेसेज ढकलण्याआधी एवढं तरी बघायचं!

माझी लेक बसली की त्या तासाला. बाईंनी आधी ४७ गुणिले १९ रोमन आकड्यांत करायला लावलं. अख्खा वर्ग अडला. मग नेहमीच्या आकड्यांत करून घेतलं आणि विचारलं, हे आकडे आले कुठून? भारतातून! आपले खगोलशास्त्राचे सिद्धांतग्रंथ आठव्या शतकात बगदादच्या खलिफा अल-मन्सूरच्या दरबारी पोचले, अरबीत उतरले. पुढे तिथल्याच अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने हिंदी आकडेमोडीवर पुस्तक लिहिलं, ते लॅटिनमध्ये गेलं, आणि युरोप या आकड्यांनी हिशेब करायला शिकला. सुश्रुतही अरबीत गेला तो बगदादच्याच आश्रयाने. घरी येऊन पोरीने हे सगळं व्हिडिओ कॉलवर आजीला ऐकवलं, ताठ मानेनं. त्या वर्गातून तुम्ही मुलं उठवणार?

"शिवाजी महाराज शिकवत नाहीत आणि हे शिकवतात," असंही कुणी लिहिलंय. महाराज घरी आपण सांगायचे. कोण अडवतंय?

हो, शाळाही बगदादचं पुठ्ठ्याचं गोल शहर करून मोकळ्या होतात. ८६९ साली बसऱ्याकडे झंज, म्हणजे पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या, गुलामांनी केलेलं बंड कुणी सांगत नाही. मान्य.

मूल परक्या मुलखात आपल्यापासून तुटेल ही धास्ती मलाही आहे हो. रात्री झोप लागत नाही कधीकधी. पण लेकीच्या गटात एक इराकी मुलगी होती. दोघींनी मिळून त्या गोल शहराच्या चार वेशी चिकटवल्या, कूफा, बसरा, खुरासान, शाम (सीरिया). ती म्हणाली शहर आमचं, ही म्हणाली आकडे आमचे. यात काय तुटलं?

शाळेला पत्र लिहायचंच ना? मग प्राचीन संस्कृतींत दरवेळी इजिप्तच नको, अभ्यासक्रमात सिंधू संस्कृतीचाही पर्याय आहे, ती शिकवा म्हणून लिहा. पहिली सही माझी.