पाटा, पुरण आणि मोंझा

होळीच्या संध्याकाळी सहा वाजता इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर आमच्या धाकट्याची शर्यत होती, आणि त्याच वेळी इंदूरच्या रामबागेत सासूबाईंना पुरण वाटायचं होतं. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आमच्या घरात पाटा एकच आहे.

मुळापासून सांगते. धाकटा संगणकावर गाड्या पळवतो. ‘खेळतो’ म्हटलेलं त्याला खपत नाही, ‘सिम रेसिंग करतो’ म्हणायचं. सुरुवातीला मीही चार आयांसारखी परीक्षेची आठवण करून देऊन पाहिली. त्यावर त्याच्याकडे पुरावे तयार. म्हणे, २००८ साली लुकास ओर्दोन्येझ नावाचा स्पॅनिश मुलगा ‘ग्रान तुरिस्मो’ नावाचा गाड्यांचा व्हिडिओ गेम खेळता खेळता खऱ्या शर्यतींसाठी निवडला गेला आणि २०११ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या खऱ्याखुऱ्या शर्यतीत त्याची गाडी गटात दुसरी आली. म्हणे, २०१९ मध्ये रोमजवळ वालेलुंगाला देशोदेशींचे मोटरस्पोर्टचे खेळ भरले, त्यात या संगणकी शर्यतीलाही सुवर्णपदक होतं आणि ते ऑस्ट्रेलियानं नेलं. २०२३ मध्ये तर ऑलिंपिकवाल्यांनीच सिंगापूरला ई-स्पोर्ट्सचा घाट घातला, त्यातही या शर्यती होत्या. “आई, गाडीवर देशाचा झेंडा असतो!” झेंड्याचं नाव निघताच हे विरघळले आणि आठवड्याभरात घरात स्टिअरिंग आलं.

स्टिअरिंगचं काही नाही. ते सासऱ्यांच्या सागवानी टेबलाला आवळून बसवलंय. वळणावर ते टेबलासकट थरथरतं, पण सासऱ्यांनीही त्या टेबलावर पुष्कळ मुठी आपटल्या आहेत, त्याला सवय आहे. खरा घोळ ब्रेकचा. हे पेडल किती खाली गेलं याला किंमत नाही, किती जोरानं दाबलं तेवढंच ते मोजतं. धाकट्याच्या हिशेबानं पन्नास किलोचा जोर लागतो. आता पेडल भिंतीला टेकवलेलं आणि खुर्ची चाकांची. पहिल्या दिवशी त्यानं ब्रेक दाबला आणि खुर्चीसकट जो मागे निघाला, तो थेट देवघरापाशी थांबला. आजीला वाटलं, नमस्काराला आला.

बिनचाकांची खुर्ची घे, असं तुम्ही म्हणाल. घेतली होती. ती मागे न जाता उलथी होते. गच्चीवरच्या विटा लावून पाहिल्या, त्या फुटल्या. खुर्ची आणि पेडल एकत्र बसवायचा तयार सांगाडा मिळतो म्हणे, पण त्याची किंमत ऐकल्यावर यांची देशभक्ती जरा ओसरली. शेवटी सासूबाईंनी माहेराहून, देवासहून आणलेला पाटा खुर्चीच्या चाकांमागे आडवा ठेवला आणि गाडी जागच्या जागी उभी राहायला लागली. तेव्हापासून आमच्याकडे चटणी सरावाच्या वेळा बघून होते.

होळीच्या दिवशी मात्र सासूबाई अडून बसल्या. “यंत्रातलं पुरण भरड राहतं. नैवेद्याला चालायचं नाही.”

“आजी, देशाच्या संघाची निवड आहे!”

“मग देशाला सांग, तासभर थांब म्हणून.”

साडेपाचला पाटा स्वयंपाकघरात गेला. धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, तरी उपयोग झाला नाही. सहाला पाच कमी असताना मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते आणि माझी दोन्ही पावलं खुर्चीच्या पायाला टेकवलेली होती.

मोंझाचा ट्रॅक १९२२ सालचा, म्हणजे सासूबाईंपेक्षाही जुना. एक फेरी ५.७९३ किलोमीटरची. टीव्हीवर पाहणाऱ्याला तो सरळसोट, वेगाचा ट्रॅक वाटतो. पण तो ट्रॅक कसा आहे ते मला विचारा. सुरुवातीच्या लांब सरळ रस्त्यावर पावलांना आराम असतो, पदर सावरता येतो. मग पहिलं दुहेरी वळण. अडीचशेच्या पुढचा वेग एकदम साठ-सत्तरवर, आणि तो सगळा फरक माझ्या गुडघ्यांत. दुसरं दुहेरी वळण जरा सभ्य. लेस्मो नावाची दोन वळणं लागोपाठ येतात, त्यातलं पहिलं टाचेत बसतं, दुसरं नुसतं विचारपूस करून जातं. आस्कारीचा धक्का कमरेला. शेवटचं पाराबोलिका लांबच लांब, त्यात ब्रेक हळूहळू सोडतात, म्हणजे सासुरवाडीहून निघालेल्या जावयासारखा तो जोर जाता जात नाही. फेरीला सहा धक्के, सोळा फेऱ्या. शहाण्णव. मी मोजले, दुसरं करणार काय?

बाकी घरात संचारबंदी. कुणी मोबाइलवर काही लावायचं नाही, इंटरनेट फक्त धाकट्याला. यांना बातम्या बंद, म्हणून हे गॅलरीत उभे राहून शेजाऱ्यांची होळी कशी रचली जातेय ते बघत होते. स्वयंपाकघरातून पाट्याची घरघर येत होती, आणि खरं सांगते, ती त्या गाडीच्या इंजिनापेक्षा एकसुरी आणि भरवशाची होती.

पाचव्या फेरीला मला काहीतरी वेगळं लागलं.

“लेस्मोला आज उशिरा दाबतोयस,” मी म्हटलं.

“आई, प्लीज.”

“कालपर्यंत टाचेला लागायचं, आज चवड्याला लागतंय. उशिरा आणि एकदम दाबतोयस.”

तो काही बोलला नाही. पण पुढच्या फेरीला धक्का टाचेत आला आणि धाकटा पुटपुटला, “दोन दशांश वाचले.” त्यानंतर तो आपणहून विचारायला लागला. “आई, आस्कारी?” “बरं होतं.” “पाराबोलिका?” “लवकर सोडलास.” मध्येच त्याची चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर गेली म्हणून ताकीद आली. एका रेषेपायी! राजवाड्याच्या चौकात हा नियम लावला तर संध्याकाळपर्यंत शहरात एकही गाडी शर्यतीत उरायची नाही. ताकिदीनंतर मात्र पोरगा असा शहाण्यासारखा चालवायला लागला की, हाच मुलगा स्कूटीवरून कुल्फी आणायला उलट्या बाजूनं जातो यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

सातवा आला. पहिले दहा पुढे जाणार होते. तो उठून नाचला, हे गॅलरीतून आत आले, सासूबाई पुरणाचे हात घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी त्याच्या गालाला पुरण लावलं. मला उठवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. पाय इतके आखडले होते की होळीला नैवेद्य दाखवायला मी खुर्चीवरूनच गेले, चाकांच्या.

रात्री धाकटा पुरणपोळीवर तूप ओतून घेत म्हणाला, “आई, पुढची फेरी पाडव्याच्या संध्याकाळी आहे. नूरबर्गरिंगचा जुना, लांब ट्रॅक. जर्मनीत.”

“वळणं किती?”

“त्र्याहत्तर.”

“सगळी मिळून?”

“एका फेरीत.”

मी गुडघे चोळत स्वयंपाकघरात गेले. सासूबाई पाटा धुऊन भिंतीला उभा करत होत्या. म्हटलं, “आई, यंदा पाडव्याला पुरण नको. श्रीखंड करू.”