एकदा वाचून चालू वापर कळत नाही
लिनक्सवर ‘प्रॉक स्टॅट’ (/proc/stat) ही प्रोसेसरच्या कामाच्या वेळेची नोंद दाखवणारी फाइल एकदा वाचली की प्रोसेसरचा चालू वापर कळतो, असं एका लेखात म्हटलंय; ते विधान चूक आहे. त्यातले आकडे मशीन सुरू झाल्यापासून साठत आलेले असतात. थोड्या अंतराने दोनदा वाचून वजाबाकी करावीच लागते. महापेला आमच्या ऑफिसात महिनोन्‌महिने रीस्टार्ट न झालेला एक सर्व्हर होता. फाइल एकदाच वाचणाऱ्या डॅशबोर्डवर वापर जेमतेम ४ टक्के, म्हणजे सुरू झाल्यापासूनची सरासरी, आणि इकडे बिलं निघता निघत नव्हती! चालू वापर दाखवणारी ‘टॉप’ ही कमांड लावून बघितलं तर प्रोसेसरचे सगळे कोअर नव्वद टक्क्यांच्या पुढे.

फक्त आपल्याच प्रोग्रॅमचा वापर हवा असेल तर ‘गेट-आर-यूसेज’ (getrusage) हे सिस्टिमचं फंक्शन वापरा. युजर (प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड) आणि सिस्टिम (त्याच्यासाठी कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने केलेलं काम), दोन्ही वेळा वेगवेगळ्या मिळतात. त्यांच्यातली वाढ मधे गेलेल्या वेळेने भागली की टक्के मिळतात. प्रोग्रॅमचे चार थ्रेड (समांतर चालणारे भाग) वेगवेगळ्या कोअरवर एकदम राबत असतील तर आकडा १०० टक्क्यांच्या वर जातो आणि तो बरोबरच असतो. कृपा करून तो १०० वर छाटू नका.