टाचदुखीवरचा तो संदेश धावणाऱ्यांचे नुकसान करतो आहे

‘धावणाऱ्यांची टाच दुखते ती हाड वाढल्यामुळे, तीन महिने धावणे-चालणे पूर्ण बंद ठेवा, रुईच्या पानांनी शेका आणि तरीही फरक पडला नाही, तर टाचेमागच्या शिरेत इंजेक्शन घेऊन आठवड्याभरात पुन्हा धावू लागा,’ अशा आशयाचा संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या माझ्या वहिनीने तो वाचून सराव थांबवला आणि इंजेक्शनची चौकशीही सुरू केली, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

वाढलेल्या हाडाचा मुद्दा लवकर निकाली निघतो. एक्स-रेमध्ये असे हाड मुळीच न दुखणाऱ्या कित्येक टाचांतही दिसते. शिवाय सकाळी पहिली पावले टाकताना टाचेखाली उठणारी कळ बहुधा तळपायाच्या जाड पट्ट्याची असते, तर टाचेच्या मागे आणि वर जाणवणारे दुखणे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या अकिलीस कंडरेचे असते. या दोन दुखण्यांचे व्यायाम वेगळे आहेत, आणि संदेशाला हा फरकच ठाऊक नाही.

टाचेमागच्या ‘शिरेत’, म्हणजे याच कंडरेत, इंजेक्शन घेण्याचा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे. असे इंजेक्शन सहसा स्टिरॉइडचे असते. त्याने वेदना काही आठवडे दबते, हे खरे. पण वेदना दबली म्हणजे कंडरा सुधारली असे नव्हे, उलट स्टिरॉइडमुळे तिचे तंतू कमकुवत होऊन ती तुटण्याचा धोका असतो. धावताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. बधिर झालेल्या, कमजोर कंडरेवर आठवड्याभरात या मॅरेथॉनच्या मार्गातला यवतेश्वरचा घाट चढायला सांगणाऱ्याने ती तुटल्यावर काय करायचे, हेही लिहायला हवे होते.

विश्रांतीचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते: दुखणे भडकले असताना अंतर, वेग आणि चढ कमी केलेच पाहिजेत. परंतु तीन महिने पूर्ण बसून राहिल्याने पोटरी आणि कंडरा दोन्ही आणखी दुबळ्या होतात. स्वीडनमधील आल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये याच्या नेमके उलटे करून पाहिले. दीर्घकाळ अकिलीस दुखत असलेल्या 15 हौशी खेळाडूंना त्यांनी 12 आठवडे जड व्यायाम दिला: पायरीच्या कडेवर चवडे टेकवून दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली न्यायची, 15 वेळांच्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून आणि तीन गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज 180 वेळा. ते सर्व जण पूर्वीइतके धावू लागले. अभ्यास लहान होता आणि त्यातील व्यायामाचा आणि तुलनेचा हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, तरीही कंडरेला मोजूनमापून भार द्यावा, हे तत्त्व तेव्हापासूनच्या उपचारांचा पाया ठरले आहे. दुखणे अगदी टाचेच्या हाडाशी असेल, तर मात्र टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नये. हा व्यायाम सपाट जमिनीवरच करावा. वेदना दहापैकी पाचच्या आत राहत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरत असेल, तर हलके धावणे चालू ठेवूनही बरे होता येते, असे पुढच्या स्वीडिश अभ्यासात दिसले.

शेकाने बरे वाटते, त्याबद्दल वाद नाही. केवळ रुईचा चीक कातडीला आणि विशेषतः डोळ्यांना लागू देऊ नये.

ज्या प्रसंगी खरोखर घाई करायला हवी, त्याचा संदेशात उल्लेखच नाही. धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले, ‘कट्’ असा आवाज आला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटलेली असू शकते; तेव्हा शेक, मालीश, व्यायाम यांपैकी काहीही न करता त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.