'समोशाची पलटण' म्हणणाऱ्या वाचकांना

एनसीसीनं मला काय दिलं, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर आमच्याच ग्वाल्हेरातल्या मुरारच्या एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. थोडक्यात ती अशी: शिस्तीच्या नावाखाली मुलांना हुकूम ऐकायची सवय लावतात, अभ्यासाचा वेळ जातो, दिल्लीच्या शिबिराला ठरावीक चेहरेच जातात. आणि शेवटी हे वाक्य: "ताई, खरं सांगायचं तर ही समोशाची पलटण. निम्मी मुलं नाश्त्यासाठी येतात, उरलेली सर्टिफिकेटसाठी, आणि शिस्त वगैरे पुढे आठवणी लिहिताना सुचते."

तुम्ही वयानं मोठे असाल असं धरून आदरानंच लिहिते. मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण 'ताई' म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच शब्दांत पहाटे उठून मैदानावर येणाऱ्या पोरांची टिंगल करायची, ही बोलायची रीत नव्हे. माझ्या आठवणी खोट्या वाटत असतील तर तसं सरळ लिहा.

परेडनंतर नाश्ता मिळतो, हे खरं. समोसा, केळं, कधी बिस्किटाचा पुडा. बरीच मुलं सर्टिफिकेटवर डोळा ठेवून येतात, हेही मान्य. का येऊ नयेत? 'सी' सर्टिफिकेटला किमान 'बी' ग्रेड असली तर सैन्याच्या स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षा माफ असते, पदवीधर मुलगा किंवा मुलगी थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीला जाते. पण ते सर्टिफिकेट कुणी वाटत नाही. सीनियर विंगची, म्हणजे कॉलेजातल्या एनसीसीची, तीन वर्षं, 75 टक्के हजेरी, कॅम्प, आणि मग परीक्षा. जानेवारीतल्या ग्वाल्हेरच्या धुक्यात बेल्टचं पितळ चमकवून वेळेवर उभं राहायचं आणि बुटाला चिखल लागला म्हणून मैदानाला फेरी मारायची. एवढं करून मिळवलेल्या कागदाचा फायदा घेतला तर त्यात कमीपणा कसला?

आता समोसा. आमच्या प्लाटूनमध्ये एक मुलगी होती. ती आपला नाश्ता रुमालात बांधून धाकट्या भावासाठी घरी न्यायची. आमच्या अंडर ऑफिसरच्या, म्हणजे आमच्यातल्याच वरिष्ठ कॅडेटच्या, ते लक्षात आलं. पुढच्या परेडपासून वाटप झाल्यावर उरलेली पाकिटं गुपचूप तिच्या पिशवीत जायला लागली. प्लाटूनमधल्या एकीनंही त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. फायरिंगला .22 रायफल घेऊन ही मुलगी आडवी झाली की तिचं ग्रुपिंग आम्हा सगळ्यांत घट्ट पडायचं, म्हणजे गोळ्या अगदी जवळजवळ लागायच्या. तुमच्या 'निम्म्यां'मध्ये ती येते. नाश्त्यासाठी आली असेलही, मग काय बिघडलं? भुकेवरून कुणाला बोलू नये, हे दौलतगंजातल्या आमच्या वाड्यात लहान पोरालासुद्धा कळायचं.

ग्वाल्हेरात राहून तुम्ही हे लिहिता, याचं जास्त वाईट वाटतं. एनसीसीच्या महिला अधिकाऱ्यांना घडवणारी अकादमी आपल्याच गावात आहे. ठिकठिकाणच्या शिक्षिका आणि प्राध्यापिका इथे येऊन ड्रिल शिकतात आणि परत जाऊन आपापल्या कॉलेजात मुलींना उभं करतात. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमही तिथूनच तयार होऊन आल्या होत्या. मुलींची शाखा 1949 पासून आहे. वैद्यकीय सेवा सोडून इतर शाखांत सैन्यानं मुलींना अधिकारी म्हणून घेतलं ते 1992 मध्ये. त्या बातमीनंतरच्या परेडला आमच्यातल्या कितीतरी जणी ताठ मानेनं उभ्या होत्या, ते मी पाहिलंय. मी स्वतः सैन्यात गेले नाही, पण ते दार उघडताना मैदानावर मी होते.

शिस्त म्हणे आठवणी लिहिताना सुचते. मग ऐका. माझं लग्न व्हायच्या आधी एका रात्री बाबा घरात कोसळले. घरात मी आणि आई, आणि आईचे हातपाय गळालेले. मी श्वास चालू असल्याचं पाहिलं, त्यांना कुशीवर वळवलं, कॉलर सैल केली आणि जमलेल्या शेजाऱ्यांना नावानं कामं सांगितली. तुम्ही रिक्षा आणा, तुम्ही डॉक्टरांना उठवा. नुसतं 'कुणीतरी जा' म्हटलं की कुणीच हलत नाही, हे उस्तादांनी, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या फौजी प्रशिक्षकांनी, फर्स्ट एडच्या तासाला आमच्याकडून घोटून घेतलं होतं. बाबा वाचले. आठवण लिहायला बसले तेव्हा हे सुचलं, असं तुम्ही माझ्या तोंडावर म्हणाल का?

याच बाबांनी कॉलेजात सक्तीची एनसीसी केली होती. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये ती सक्तीची झाली, 1968 मध्ये सक्ती उठली. त्यांना ती मुळीच आवडली नव्हती. तरीही मुलीनं खाकी घालून पहाटे घराबाहेर पडायला आजीनं नकार दिला, तेव्हा तेच म्हणाले, "हिला कुणी ढकललेलं नाही, ही स्वतः मागतेय. जाऊ दे." हुकमाच्या सवयीबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर माझं एवढंच उत्तर आहे. आणि डोकं वापरायचं म्हणाल तर कधी मॅप रीडिंगचा तास बघा. ओळखीच्या दोन खुणांचे बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरचे कोन, घ्यायचे, ते उलटवून नकाशावर रेषा ओढायच्या आणि जिथे छेदतील तिथे आपण उभे आहोत हे शोधायचं. हुकूम ऐकून ते जमत नाही.

ठरावीक चेहऱ्यांचं म्हणाल, तर निवड म्हटली की काहींची नावं येणार, काहींची राहणार. अभ्यासाचं ज्याचं त्यानं बघावं. या दोन्हींवर मी वाद घालत बसणार नाही.

तुम्ही स्वतः कधी परेडला उभे राहिला होतात का, हे एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत कुठेही नाही. राहिला असाल तर तो अनुभव लिहा, कडू असला तरी मी तो इथे ठेवीन. मात्र 'समोशाची पलटण' हे शब्द पुन्हा आले तर प्रतिक्रिया काढून टाकीन. आज कॅडेट असलेल्या मुलीही हे वाचतात.