सूर्य पाठीशी, गाडी पलीकडे

शरदातलं ऊन फोटोला उत्तम, असं फोटोग्राफी शिकवणारे सगळेच सांगतात. तिरकं, मऊ, सोनेरी. हे सांगणाऱ्यांनी बहुधा टेबलावरच्या सफरचंदाचे फोटो काढलेले असावेत. सफरचंद ताशी 120 किलोमीटर वेगानं निघून जात नाही आणि त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांची रांगही नसते.

मी रेल्वेच्या कुंपणाबाहेर उभा राहून गाड्यांचे फोटो काढतो. मी याला छंद म्हणतो. घरचे काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता त्या सोनेरी उन्हाचं ऐका. सूर्य माथ्यावर असला की झाडाची सावली झाडाच्या बुडाशी गुमान पडून असते. पण तो क्षितिजावर 10 अंशांवर रेंगाळत असला, तर 10 मीटर उंचीच्या साध्यासुध्या झाडाची सावली सुमारे 57 मीटर लांब पडते. म्हणजे अलीकडचा रूळ ओलांडून, पलीकडचा रूळ ओलांडून, पुढच्या शेताची चौकशी करून येईल इतकी. उत्तरेकडच्या देशांत तर दुपारचीही सोय नाही. लंडनमध्ये नोव्हेंबरच्या मध्यावर भर दुपारी बारालाही सूर्य जेमतेम 20 अंश चढतो. त्यामुळे होतं काय, की गाडीचं छप्पर झळाळतं, खिडक्या कशाबशा उजळतात आणि खालची सगळी चाकं अंधारात जातात. चाकांविना इंजिन म्हणजे रंगवलेली पेटी. तिचा फोटो कशाला काढायचा?

‘मग झाडं नसलेली जागा शोधा,’ असं सुचवणारे लोक भेटतात. पूर्वी अशा जागा होत्या. वाफेच्या इंजिनांच्या ठिणग्यांनी आगी लागायच्या, म्हणून ब्रिटनमध्ये रुळांच्या कडेची झाडी नेमानं छाटत. त्या काळचे फोटो बघा, मैलभर मोकळा उतार! 1968 मध्ये तिथल्या सरकारी रेल्वेनं मुख्य मार्गांवरची वाफ बंद केली, छाटणी ढिली पडली आणि झाडांनी संधी साधली. आज जुन्या फोटोतली जागा शोधत जावं, तर तिथं जंगल. त्यातून गाडीचा फक्त आवाज येतो.

ही झाडं शरदात लाल-पिवळी होतात, म्हणून तर आपण जातो. मग ती पानं गळतात. गळून रुळांवर पडतात, चाकांखाली चिरडतात आणि रुळांवर काळा, कडक, बुळबुळीत थर बसतो. त्यावर चाकं घसरतात, ब्रेक नीट लागत नाहीत. ब्रिटनमध्ये हा थर खरवडायला खास गाड्या धावतात. 1500 बार दाबानं पाणी मारतात, वर वाळू मिसळलेलं चिकट मिश्रण टाकतात. तरी ड्रायव्हर बिचारे सांभाळून, लवकर ब्रेक लावत येतात. म्हणजे गाडी उशिरा. आणि सूर्य आकाशात तासाला 15 अंश सरकतो, त्याला पानांचं काही नाही. गाडीला 12 मिनिटं उशीर होतो, सावली मात्र वेळेवर येते. ज्या पानांसाठी आलो, त्याच पानांनी फोटो घालवलेला असतो. तक्रार करायची कुणाकडे?

उंचावरून पाहिलं की कुंपण आणि झुडपं आड येत नाहीत, म्हणून आम्ही काही जण घडीची शिडी नेतो. कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला शिडी रोवायची, वर चढायचं आणि वाट बघायची. शिडीवर चढलेल्या माणसाविषयी समाजाच्या ठाम कल्पना असतात. एकदा एक मावशी खाली येऊन थांबल्या.

“तारांचं काम निघालंय का?”

“नाही हो मावशी, फोटो काढतोय.”

“कुणाचा?”

“गाडीचा.”

“मग ती थांबते तिथं जाऊन काढा की! धावत्या गाडीचा कशाला?”

याला उत्तर आहे. पण ते शिडीवरून देता येण्याजोगं नाही.

शिवाय तेव्हा मी ढगाकडे बघत होतो. ढग हा या छंदातला सर्वांत वक्तशीर घटक. सकाळपासून आभाळ निरभ्र; कोपऱ्यात एकच ढग, तोही हातरुमालाएवढा. गाड्या उशिरा येतील, रद्द होतील, भलत्याच रुळावरून येतील. हा ढग मात्र गाडीचा दिवा दिसला की त्याच मिनिटाला सूर्यावर हजर. गाडीचा शेवटचा डबा गेला की बाजूला. मग रिकाम्या रुळांवर असं काही ऊन पडतं, की रिकाम्या रुळांचेच फोटो काढून घ्यावेत. माझ्याकडे त्यांचा चांगला संग्रह झालेला आहे.

ढगाखाली प्रकाश कमी झाला की शटरचं गणित सुरू होतं. ताशी 120 किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला 33 मीटर कापते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं, तरी तेवढ्यात ती तीन सेंटिमीटर पुढं सरकलेली असते. अडीचशेव्या भागापर्यंत खाली आलात, तर 13 सेंटिमीटर. मग तिचा नंबर वाचता येत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवला, तर फोटोत रंगाचे कण उडतात. शटर वेगवान ठेवलं, तर गाडी कुठं चाललीये ते दाखवणारी कपाळावरची एलईडी पाटी दगा देते. तिचे दिवे सलग लागलेले नसतात, डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगानं आळीपाळीनं पेटतात. कॅमेरा नेमका तो डाव उघडा पाडतो आणि गावाच्या नावातली अर्धीच अक्षरं उमटतात. पाटी वाचता येते तेव्हा गाडी पुसट. गाडी लख्ख येते तेव्हा ती कुठं निघालीये याचा पत्ता नाही.

हे सगळं जमलं, असं धरून चालू. सूर्य पाठीशी, इंजिनाच्या नाकावर ऊन, बाजूवरही ऊन, सावली अजून हातभर लांब. ढग दुसऱ्या जिल्ह्यात. लांबून दिवा दिसतो. अशा वेळी अलीकडच्या रुळावरून, उलट्या दिशेनं, मालगाडी येते. ती कधीही छोटी नसते. चाळीस-पन्नास वाघिणी, सगळ्या सारख्या, सगळ्या राखी, अगदी सावकाश. वाघिणींच्या सांध्यांमधल्या फटींतून पलीकडे आपली गाडी जाताना दिसते. छान ऊन पडलेलं असतं तिच्यावर.

याहून वाईट एकच. गाडी येते, मध्ये काही नाही, ऊन आहे, बोट बटणावर आहे, आणि कळतं की इंजिन मागच्या टोकाला आहे. पुढं ड्रायव्हरची खोली असलेला डबा, मागून इंजिन ढकलतंय. परतीला इंजिन न फिरवता गाडी चालवता यावी म्हणून केलेली ही व्यवस्था अत्यंत सोयीची आहे. प्रवाशांना, ड्रायव्हरला, रेल्वेला, सर्वांना. आम्ही मोजदादीत नाही.

अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक नावाचा एक फोटोग्राफर होऊन गेला. सूर्य हलवता येत नाही आणि तो नेहमीच चुकीच्या जागी असतो, हे त्यानं ओळखलं. 1955 ते 1960 या काळात त्यानं नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांचे फोटो रात्री काढले, शेकडो फूट वायर अंथरून, फ्लॅशबल्बांच्या रांगा लावून. रेल्वेचं सहकार्य होतं म्हणून ते शक्य झालं. आज कुणी ड्रायव्हरच्या डोळ्यांवर फ्लॅश मारला, तर पुढचे फोटो पोलीस काढतील. आम्हाला सूर्यच घ्यावा लागतो, आहे तिथं.

शेवटी माणूस हमखास जागेकडे वळतो. स्वित्झर्लंडमधला लांडवासर पूल घ्या. 1902 सालचा, 65 मीटर उंच, वळत वळत जाऊन थेट कड्यातल्या बोगद्यात शिरणारा. वर लाल गाडी. भोवताली लार्चची झाडं. सूचिपर्णी असून पानं झाडणारा हा एक चमत्कारिक वृक्ष. ऑक्टोबरात तो सगळा डोंगर पिवळा करतो. गाड्या नियमित, पूल कुठं जात नाही. पण तिथल्या फोटोची तऱ्हा अशी, की तो आधीच सर्वांनी काढलेला आहे. आपण घरी येऊन दाखवला की लोक म्हणतात, “अरे वा, हा कॅलेंडरवरचा ना?”

आणि कुठल्याही जागी जा, तिथं एक गृहस्थ आधीपासून उभे असतातच. टोपी, थर्मास, कॅमेऱ्यापेक्षा मोठी लेन्स. आपण शिडी टेकवायच्या आत ते सांगतात, “काल यायला हवं होतं तुम्ही.” काल काय ऊन होतं! काल झाडावर पानं होती, रात्रीच्या वाऱ्यानं गेली. काल तर दोन इंजिनांची गाडी आली, पाच मिनिटं आधी. हे गृहस्थ मला प्रत्येक ठिकाणी भेटलेत. टोपी तेवढी बदलते.

परवा एका वळणावर दिवसभर उभा होतो. ढग, मालगाडी, मागून इंजिन, सगळं यथासांग झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच गेलो. तासाभरानं एक कोवळा मुलगा आला, गळ्यात नवाकोरा कॅमेरा. मला विचारतो, “काका, इथं गाड्या चांगल्या मिळतात का?”

मी थर्मासचं झाकण लावलं. म्हटलं, “काल यायला हवं होतंस तू.”